बाटलीतले उरलेले ९५ टक्के

केस विरळ होऊ लागले की हल्ली पुण्या-मुंबईतच नव्हे, तालुक्याच्या गावातल्या औषधांच्या दुकानातही मिनॉक्सिडिलची बाटली मागितली जाते. ६० मिलिलिटरची बाटली, सोबत ड्रॉपर किंवा फवारा. दिवसातून दोनदा एकेक मिलिलिटर टाळूवर लावायचे. खोक्यावर ठळक अक्षरांत '५ टक्के' लिहिलेले असते आणि घेणारा तेवढेच वाचतो. ५ टक्के म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम औषध. उरलेल्या ९५ टक्क्यांत असते अल्कोहोल, प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि पाणी. हा भाग म्हणजे नुसती भर, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात टाळूवर ओतलेल्या ५० मिलिग्रॅमपैकी किती औषध त्वचेत शिरेल, हे ठरवण्यात या ९५ टक्क्यांचा वाटा फार मोठा आहे.

मिनॉक्सिडिल मुळात केसांचे औषध नव्हे. अमेरिकेतल्या अपजॉन कंपनीने ते उच्च रक्तदाबावरची गोळी म्हणून विकसित केले आणि १९७९ मध्ये तिला मान्यता मिळाली. गोळी घेणाऱ्या रुग्णांच्या कपाळावर, दंडांवर, पाठीवर केस उगवू लागले, तेव्हा हा दुष्परिणामच टाळूवर घडवता येईल का, असा विचार सुरू झाला. १९८८ मध्ये २ टक्क्यांचे द्रावण बाजारात आले आणि ५ टक्क्यांचे त्यानंतर काही वर्षांनी. अडचण अशी की पोटात गेलेले मिनॉक्सिडिल रक्तवाहिन्या सैलावून रक्तदाब खाली आणते. म्हणजे औषध त्वचेत केसांच्या मुळांपर्यंत पोचायला हवे, पण तिथून पुढे रक्तात फारसे उतरता कामा नये. निरोगी टाळूवर लावलेल्या औषधापैकी सरासरी १.४ टक्के रक्तात जाते, असे मोजले गेले आहे. ५० मिलिग्रॅममागे एक मिलिग्रॅमही नाही.

बाकीचे अडते ते आपल्या त्वचेच्या सर्वांत बाहेरच्या थरात. त्याला शृंगस्तर म्हणतात. तळवे-तळपाय सोडले तर त्याची जाडी १० ते २० मायक्रोमीटर, म्हणजे साध्या कागदाच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाएवढी. त्यात सपाट झालेल्या मृत पेशींचे पंधरा-वीस पदर असतात. पेशींच्या आत केराटिन नावाचे चिवट प्रथिन ठासून भरलेले असते आणि पेशींच्या मधल्या फटींत सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले यांचे थरावर थर रचलेले असतात. अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ पीटर इलायस यांनी या रचनेला विटा आणि त्यांमधल्या चुन्याची उपमा दिली. आजही हा विषय शिकवताना तीच दिली जाते, आणि ती चपखल आहे: पाणी अडते ते मुख्यतः विटांमुळे नव्हे, चुन्यामुळे. इतक्या पातळ पडद्यातून दिवसभरात घामाव्यतिरिक्त जेमतेम तीन-चारशे मिलिलिटर पाणी बाहेर झिरपते. हा पडदा नसता तर उघड्या हवेत माणूस फार काळ जगला नसता. मोठ्या भाजण्यात रुग्णाच्या शरीरातले पाणी किती झपाट्याने जाते, हे पाहिलेल्या कोणत्याही डॉक्टरला हे वेगळे सांगावे लागत नाही.

बाहेरून आत येऊ पाहणाऱ्या रेणूला तीन वाटा असतात. पेशींना आरपार भेदून जाणे, पेशींना वळसे घालत मधल्या मेदातून वाट काढणे, किंवा केसाच्या मुळाशी असलेल्या रोमकूपातून वा घर्मग्रंथीतून उतरणे. बहुतेक औषधे दुसऱ्या वाटेने जातात. ही वाट नागमोडी असल्याने प्रत्यक्षातला प्रवास थराच्या जाडीच्या कितीतरी पट लांब होतो. रोमकूप त्वचेच्या क्षेत्रफळाच्या हजारातला एखादाच भाग व्यापतात, म्हणून एरवी त्यांचा हिशेब किरकोळ धरतात. पण टाळूवर केस दाट, आणि मिनॉक्सिडिलला जायचे असते तेही रोमकूपातच. तिथे ही तिसरी वाट महत्त्वाची ठरते.

रेणू लहान हवा, ही पहिली अट. २००० मध्ये यान बॉस आणि मार्कस मेइनार्डी यांनी मांडलेला ठोकताळा असा: रेणुभार ५०० डाल्टनच्या वर गेला की त्वचेतून शिरणे जवळजवळ थांबते. मिनॉक्सिडिल २०९, डायक्लोफिनॅक २९६, हायड्रोकॉर्टिझोन ३६२. इन्सुलिन ५८०० च्या आसपास, म्हणूनच बहुतेकांना ते आजही टोचून घ्यावे लागते. आणि कोलॅजेनचा रेणू तर सुमारे तीन लाखांचा. कोलॅजेन चेहऱ्यावर चोळून त्वचेच्या आत कोलॅजेन वाढते, असे सांगून महागड्या डब्या विकणाऱ्यांनी हा आकडा एकदा तरी ग्राहकांसमोर मांडावा असे मला मनापासून वाटते. दुसरी अट जरा अडचणीची आहे. मेदात शिरण्यासाठी रेणू मेदात विरघळणारा हवा. पण शृंगस्तराखालच्या जिवंत पेशींत पाण्याचेच राज्य, तेव्हा तो पाण्याशीही जुळवून घेणारा हवा. एकाच बाजूला पूर्ण झुकलेला रेणू एक तर उंबरठ्यावरच थांबतो, नाही तर मेदात शिरून तिथेच अडकून बसतो.

या दोन्ही अटी औषधाच्या रेणूबद्दलच्या आहेत, आणि तो एकदा ठरला की त्यात बदल करता येत नाही. हाती उरते ते द्रावक. इथेच आपला सहजविचार फसतो. औषध ज्यात जास्तीत जास्त विरघळते तो द्रावक उत्तम, असे वाटणे साहजिक आहे. अनेक वर्षे मलमे त्याच समजुतीने केली जात. १९६० मध्ये ताकेरू हिगुची या अमेरिकन भौतिक-रसायनशास्त्रज्ञाने हा प्रश्न गणिताने तपासला आणि समजूत उलटी करून दाखवली. त्वचेत शिरण्याचा वेग द्रावणात किती औषध आहे यावर नव्हे, तर ते औषध द्रावण सोडून जायला किती उत्सुक आहे यावर ठरतो. शास्त्रात याला ऊष्मागतिक सक्रियता म्हणतात. मी इथे साधेपणाने औषधाची ओढ म्हणेन. संपृक्त द्रावणात, म्हणजे आणखी कणभरही विरघळू शकणार नाही अशा द्रावणात, ही ओढ पूर्ण असते. निम्मेच भरलेले असेल तर ओढही साधारण निम्मी. म्हणून एखाद्या औषधाची दोन संपृक्त द्रावणे घेतली, एक २ मिलिग्रॅमचे आणि दुसरे ७० मिलिग्रॅमचे, आणि दोन्ही द्रावकांनी त्वचेला काहीही केले नाही असे धरले, तर सुरुवातीला दोन्हींतून औषध सारख्याच वेगाने शिरते. ७० मिलिग्रॅमचे द्रावण जास्त वेळ पुरेल, एवढाच फरक.

हे तत्त्व मिनॉक्सिडिलच्या बाटलीला लावून पाहा. मिनॉक्सिडिल पाण्यात मिलिलिटरला जेमतेम २ मिलिग्रॅम विरघळते, अल्कोहोलमध्ये सुमारे २९ आणि प्रॉपिलीन ग्लायकॉलमध्ये सुमारे ७५. निव्वळ पाण्यात २ टक्क्यांचे द्रावण होऊच शकत नाही. निव्वळ प्रॉपिलीन ग्लायकॉलमध्ये ते आरामात होईल. पण ७५ मावत असताना २० च घातले, तर ओढ पाव भागाच्या थोडी वर. औषध द्रावकातच सुखाने राहील. म्हणून मूळच्या २ टक्क्यांच्या द्रावणात अल्कोहोल सुमारे ६० टक्के, प्रॉपिलीन ग्लायकॉल २० टक्के आणि बाकी पाणी असे मिश्रण ठरले. ५ टक्क्यांच्या द्रावणात अल्कोहोल ३० आणि ग्लायकॉल ५० टक्के. बाटलीत सगळे नीट विरघळलेले असते. टाळूवर पसरल्यावर मात्र अल्कोहोल लगेच उडू लागते, मागोमाग पाणीही. ग्लायकॉल सहजी उडत नाही, ते राहते. आता हिशेब करा. २ टक्क्यांच्या एका मिलिलिटरमधले २० मिलिग्रॅम औषध उरलेल्या ०.२ मिलिलिटर ग्लायकॉलमध्ये, म्हणजे मिलिलिटरला १००. ५ टक्क्यांचे ५० मिलिग्रॅम ०.५ मिलिलिटरमध्ये, म्हणजे तेही १००. मावते ७५. दोन्ही बाटल्यांतले औषध डोक्यावर आल्यावर संपृक्ततेच्या पलीकडे जाते. हे गणित ढोबळ आहे, कारण पाणी पुरते उडत नाही आणि त्वचेच्या उबेत विद्राव्यता थोडी बदलते. पण दिशा स्पष्ट दिसते: बाटलीत स्थिर राहणारे द्रावण त्वचेवर मुद्दाम अस्थिर होऊ दिले आहे, म्हणजे औषधाला बाहेर पडण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

अशा अतिसंपृक्त अवस्थेत औषध फार वेळ राहत नाही. जे शिरू शकले नाही त्याचे स्फटिक बनतात. मिनॉक्सिडिल वापरणाऱ्यांना टाळूवर आणि केसांच्या मुळाशी जी पांढरी पूड दिसते आणि जिला अनेक जण कोंडा समजतात, ती पुष्कळदा हीच असते. स्फटिक झालेले औषध जवळजवळ निकामी. म्हणून घाईने दुप्पट ओतल्यास दुप्पट फायदा होत नाही. पूड तेवढी वाढते. खाज आणि लाली येणाऱ्यांमध्ये दोष बऱ्याचदा औषधाचा नसून प्रॉपिलीन ग्लायकॉलचा असतो. त्यांच्यासाठी पुढे ग्लायकॉलविरहित फेस काढण्यात आला.

हिगुचींचे तत्त्व शेवटपर्यंत नेले तर ज्यात द्रावकच नाही असे मलम सर्वोत्तम ठरेल. स्वीडनमध्ये ॲस्ट्रा कंपनीत नेमके तेच साधले. लिडोकेन आणि प्रिलोकेन ही बधिर करणारी दोन्ही औषधे साध्या तापमानाला घनरूप. पहिले ६८ अंशांना वितळते, दुसरे ३७ च्या आसपास. पण दोन्हींची पूड समप्रमाणात एकत्र केली की मिश्रण १८ अंशांनाच वितळून तेल होते. या तेलाचे थेंब पाण्यात घुसळून क्रीम बनवले, तर प्रत्येक थेंब जवळपास निव्वळ औषधाचा. औषधाला धरून ठेवायला दुसरे तेल नाहीच. एकूण प्रमाण अवघे ५ टक्के, तरी शाबूत त्वचा बधिर होते. लहान मुलांना सुई टोचण्याआधी तासभर हे क्रीम लावून वर चिकटपट्टीचे आवरण घालतात. मला या साऱ्या शाखेतली ही सर्वांत देखणी कल्पना वाटते.

सगळेच द्रावक असे बाजूला होत नाहीत. काही स्वतः त्वचेत शिरतात आणि मेदाचे थर विस्कटतात. अल्कोहोल थोडा मेद विरघळवून नेते. ऑलिव्ह तेलातले ओलिक आम्ल आपल्या वाकड्या साखळीमुळे मेदाच्या शिस्तबद्ध थरांत बसत नाही आणि तिथे फटी निर्माण करते. प्रॉपिलीन ग्लायकॉल शृंगस्तरात उतरून तिथे औषधाला विरघळायला जागा वाढवते. आणि या साऱ्यांत गाजला तो डायमिथिल सल्फॉक्साइड, थोडक्यात डीएमएसओ.

कागदाच्या लगद्याच्या कारखान्यांत निघणाऱ्या टाकाऊ पदार्थांपासून हा द्रावक स्वस्तात मिळू लागला. १९६० च्या दशकात ओरेगनमधले शल्यचिकित्सक स्टॅन्ली जेकब यांच्या लक्षात आले की तो त्वचेतून विलक्षण वेगाने आत जातो आणि सोबत इतर रेणूंनाही वाट करून देतो. हातावर लावल्यावर थोड्याच वेळात तोंडात लसणीसारखी चव येते. जिभेशी त्याचा संबंधही आलेला नसतो. तो रक्तातून फिरतो, शरीर त्यातल्या थोड्या भागाचे डायमिथिल सल्फाइडमध्ये रूपांतर करते आणि ते श्वासातून बाहेर पडते. त्वचा अभेद्य नाही याचा इतका थेट पुरावा दुसरा नसेल. संधिवातापासून मुरगळण्यापर्यंत सगळ्यांवर तोच उपाय, अशी हवा तयार झाली. मग प्राण्यांवरच्या चाचण्यांत डोळ्यांच्या भिंगात बदल आढळले आणि नोव्हेंबर १९६५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने माणसांवरच्या चाचण्या थांबवल्या. १९७८ मध्ये मूत्राशयाच्या एका दाहावर त्याला मान्यता मिळाली. २००९ मध्ये गुडघ्याच्या सांधेदुखीसाठी डायक्लोफिनॅकचे जे द्रावण मान्य झाले, त्यात ४५.५ टक्के डीएमएसओ आहे. इंटरनेटवरून औद्योगिक दर्जाचा डीएमएसओ मागवून अंगाला चोळणारे लोक आजही आहेत. त्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: द्रावकाला औषध आणि अशुद्धी यांतला फरक कळत नाही. बाटलीत किंवा हातावर जे काही असेल, त्यालाही तो वाट देतो.

हे सगळे मोजतात कसे? प्रयोगशाळेत थॉमस फ्रान्झ यांच्या नावाची काचेची कुपी वापरतात. दान केलेल्या मानवी त्वचेचा किंवा डुकराच्या कानाच्या त्वचेचा तुकडा मधोमध ताणून बसवतात, वर औषध लावतात आणि खाली ऊब राखलेल्या द्रवात किती उतरले ते ठराविक वेळाने तपासतात. जिवंत माणसावरची एक चाचणी फार साधी आहे. १९६२ मध्ये मॅकेन्झी आणि स्टॉटन यांनी स्टेरॉइडची अल्कोहोलमधली द्रावणे हातावर लावून, झाकून ठेवून, दुसऱ्या दिवशी त्वचा किती पांढुरकी झाली ते नुसते डोळ्यांनी पाहिले. स्टेरॉइड आत शिरले की तिथल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. त्याच सुमारास असेही दिसले की औषध लावून वर प्लास्टिकचे आवरण घातले तर शिरकाव अनेक पटींनी वाढतो, कधी शंभर पटींपर्यंत. घाम आणि ओलावा आतच कोंडतो, शृंगस्तर फुगतो, मेदाची घडी सैल होते.

शरीराच्या कोणत्या भागावर लावले, याने तर आकडे थक्क करण्याइतके बदलतात. १९६७ मध्ये फेल्डमन आणि मेबॅक यांनी किरणोत्सारी खूण केलेले हायड्रोकॉर्टिझोन ॲसिटोनमध्ये विरघळवून स्वयंसेवकांच्या अंगावर वेगवेगळ्या ठिकाणी लावले आणि पुढचे काही दिवस त्यांच्या लघवीतली खूण मोजली. हाताच्या पुढच्या भागातून, म्हणजे मनगट ते कोपर यांमधून, एक टक्क्याच्या आसपास शिरले. त्याला १ धरले तर तळपायातून ०.१४, टाळूतून ३.५, कपाळातून ६, जबड्याच्या कोपऱ्यातून १३ आणि वृषणाच्या त्वचेतून ४२.

जबड्याचा १३ हा आकडा आपल्याकडे वेगळ्या कारणाने लक्षात ठेवायला हवा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल यांसारख्या कडक स्टेरॉइडची क्रीमे गोरेपणासाठी म्हणून किंवा गजकर्णावर म्हणून, चिठ्ठीशिवाय, शेजारणीच्या सांगण्यावरून चेहऱ्यावर महिनोन्महिने लावली जातात. त्वचा पातळ होते, लाल रेषा उमटतात, पुरळ येते, आणि क्रीम थांबवताच सगळे उफाळते म्हणून पुन्हा तीच ट्यूब आणली जाते. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केल्यावर २०१८ मध्ये अशी १४ स्टेरॉइड चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असे सरकारने ठरवले. नियम झाला, दुकानातली सवय अजून पुरती मोडलेली नाही.

आणि ४२ हा आकडा शेतात कामाला येतो. मेबॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये हाच प्रयोग पॅराथिऑन या कीटकनाशकावर केला. हाताच्या त्याच भागातून सुमारे ९ टक्के शिरले. वृषणाच्या त्वचेतून जवळजवळ सगळे. २०१७ च्या पावसाळ्याअखेरीस यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना किमान वीस शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयांत दाखल झाले. काही विष श्वासातून गेले हे खरे. पण त्वचेचा हिशेबही मांडायलाच हवा. फवारणीतल्या प्रोफेनोफॉस, सायपरमेथ्रिन, मोनोक्रोटोफॉस या रेणूंचा भार ५०० च्या आतला. पहिली दोन मेदप्रेमी, पाण्यात जवळपास न विरघळणारी, आणि म्हणून 'ईसी' प्रकारात, झायलीनसारख्या पेट्रोलियम द्रावकात विरघळवून विकली जाणारी. पंपात टाकली की ती दुधासारखी पांढरी होतात. ते पांढरेपण म्हणजे पाण्यात तरंगणारे द्रावकाचे बारीक थेंब. पाण्यात औषधाला थारा नसतो आणि त्वचेच्या मेदात तो असतो. मिनॉक्सिडिलबाबत जे मुद्दाम जुळवून आणावे लागते, ते इथे आपोआप जुळून येते.

सर्वांत धोक्याचा क्षण फवारणीचा नव्हे, बाटली उघडून घट्ट औषध मोजण्याचा. झाकणात ओतलेले, काठावरून बोटांवर ओघळलेले ते द्रव कित्येकशे पट तीव्र असते आणि त्यातला द्रावक त्वचेचा मेदही विरघळवतो. नंतर पाठीवरचा पंप गळतो, पाठ आणि कंबर भिजते, पँट मांड्यांना चिकटते. विदर्भाच्या उन्हात, घामात, ओले कापड अंगाला चिकटून तासन्‌तास राहणे म्हणजे मॅकेन्झी आणि स्टॉटन यांच्या आवरणाचाच प्रकार, आणि तोही नेमका ४२ पट झिरपणाऱ्या भागावर.

घरी गेल्यावर अंघोळ करूच, या भरवशावर राहू नये, याचेही कारण याच शास्त्रात आहे. १९६३ मध्ये व्हिकर्स यांनी दाखवले की लावलेले स्टेरॉइड शृंगस्तरात साठून राहते: त्वचा पुसून, कोरडी करून काही दिवसांनी नुसते प्लास्टिक गुंडाळले, तरी औषध न लावता तीच पांढुरकी खूण पुन्हा उमटली. मेदप्रेमी कीटकनाशकही असेच साठते. म्हणून काम संपेपर्यंत थांबायचे नाही. अंगावर सांडले की भिजलेला सदरा-पँट तिथेच उतरवायची, कारण कापड अंगावर ठेवून वरून पाणी ओतल्याने ओलावा वाढतो आणि विष जागेवरच राहते. मग साबण लावून भरपूर पाण्याने धुवायचे. नुसते पाणी या तेलकट द्रावकाला हलवत नाही. ज्या बांधावर फवारणीचे पाणी भरले जाते, तिथे साबणाची वडी, एक भरलेली घागर आणि सुक्या कपड्यांचा जोड पंपाबरोबरच नेऊन ठेवावा. चक्कर, मळमळ, तोंडाला लाळ सुटणे, बाहुल्या बारीक होणे यांतले काहीही दिसले तर रुग्णाबरोबर कीटकनाशकाची बाटलीही दवाखान्यात न्यावी. लेबलवरचे नाव वाचून डॉक्टरांना उतारा ठरवता येतो.